दहाच्या ठोक्याचं पाणी

उन्हाळा असा पेटला होता की घसा सुकेल या भीतीने आमच्या गल्लीतल्या कावळ्यांनी ओरडणं सोडलं होतं. हे मी जरा वाढवून सांगतोय, पुढचं मात्र घडलं तसंच. नळाला चौथ्या दिवशी पाणी, तेही चाळीस मिनिटं. आणि पाण्याचा दिवस नसतानाही, उताराच्या तळाशी असलेल्या शेवटच्या घरातला नळ रोज सकाळी दहाच्या ठोक्याला वाहू लागला. सगळी गल्ली भांडी घेऊन तिथे लोटली.

त्या घरात तीन महिन्यांपूर्वी भाड्याने आलेला माणूस आता पाणीबुवा झाला होता. आधी तो कुठेशी पाइप जोडायची कामं करायचा म्हणे, पण ते विचारायला फुरसत कुणाला? तो नळावर पालथा हात ठेवून डोळे मिटायचा.

"पाणी आटत नाही, बाळांनो. पाणी रुसतं."

साठीच्या शिंप्यालाही तो बाळ म्हणायचा आणि शिंपी मान डोलवायचा. मग नळ गुरगुरायचा, दोनदा थुंकायचा आणि बोटभर धार लागायची. वीसेक मिनिटांनी बुवा नळ फिरवायचे, "आज कृपा एवढीच." प्रत्येक घराला एक तांब्या. उरलेलं पाणी मागच्या बंद खोलीत जायचं, का ते विचारायचं नाही.

नियम एकच होता. चढाच्या डोक्यावरच्या तीन घरांनी दहाला आपापले नळ पूर्ण सोडायचे, बाकीच्यांनी घट्ट बंद ठेवून यायचं. "माथ्यावरचे मोकळे झाले की पायथ्याला प्रसाद मिळतो."

ती तीन घरं म्हणजे शिंप्याचं, माझं आणि सिस्टरचं. आमच्याकडे सूनबाई घड्याळ बघून नळ सोडायची. मी जन्मभर थापा मारलेल्या, त्यामुळे दुसऱ्याची थाप मला वासावरून कळते, पण घरात मला विचारतो कोण?

सिस्टर सरकारी दवाखान्यात नर्स. तिची आई आठ महिने अंथरुणाला खिळलेली, पाठीला मोठ्या जखमा झालेल्या. दिवसातून दोनदा त्या धुवायच्या, चादरी धुवायच्या. पाणी खालून वर चढतं, म्हणून आम्हाला ते शेवटी मिळायचं. बुवांचा नळ वाहू लागल्यापासून तर चाळीस मिनिटांतली जेमतेम शेवटची वीस हाती लागत, पहिली वीस मिनिटं आमच्या नळातून नुसती हवा फुसफुसायची.

"श्रद्धा कमी पडतेय," बुवांनी निदान केलं. "नळ अजून मोकळा सोडा."

सिस्टर कामावर गेली की तिची मावशी तो सोडायची, मनोभावे. बहिणीची चादर कोरड्या फडक्याने पुसायची आणि पुन्हा नळापाशी जाऊन हात जोडायची.

एका सुट्टीच्या दिवशी सिस्टर घरी होती. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

"मावशी, कोरडा नळ कशाला सोडतेस?"

"तुझ्या आईसाठीच. तू सुया टोचतेस, मी हे करते."

"सुईने गुण तरी येतो."

"आठ महिने टोचतेयस. उठून बसली का ती?"

सिस्टर उठली. नळ बंद करायला गेली आणि थबकली. नंतर तिनेच सांगितलं, नळाच्या तोंडाने तिचं बोट आत ओढलं होतं. तिने प्लास्टिकची पिशवी धरली, ती तोंडाला छपकन चिकटली.

"आजोबा, इकडे या," तिने हाक मारली. "आणि आज काही रचून सांगू नका, फक्त बघा."

दुसऱ्या दिवशी तिन्ही घरांचे नळ बंद राहिले. सूनबाईला मी पटवलं, शिंप्याला सिस्टरने. ती सलाइनची काचेची बाटली घेऊन खाली उतरली, मागोमाग मी काठी टेकत.

बुवांनी हात ठेवला. नळ तीनदा थुंकला आणि गप्प झाला.

"कुणीतरी अविश्वासी आलंय इथे."

"मीच आलेय," सिस्टर म्हणाली.

तिने बाटली खिडकीच्या गजाला उलटी टांगली, खालची नळी सोडली. चार थेंब पडले आणि थांबले. मग तिने बाटलीच्या बुचाला दुसरी सुई टोचली. आत बुडबुडे उठले, धार लागली.

"हवा आत शिरली की पाणी खाली येतं. ही बाटली म्हणजे आपल्या गल्लीचा पाइप, ही सुई म्हणजे वरचे आमचे तीन नळ. पाइपात मागच्या वेळचं पाणी भरून राहतं. आम्ही वरून हवा सोडतो, ते इथे गळतं. मग पाण्याच्या दिवशी आधी तो रिकामा पाइप भरायचा, नंतर घरं. तुमचंच पाणी तुम्हाला तांब्याने मिळतंय."

तिने वर हात हलवला. वर घरीच थांबलेल्या शिंप्याने आपला नळ सोडला. मिनिटभरात बुवांच्या नळाला धार लागली, आणि बुवांचा हात तेव्हा खिशात होता.

लोकांनी मागची खोली उघडली. दोन भरलेली पिंपं, आणि ती न्यायला आलेली एका खानावळीची हातगाडी.

मग एका म्हातारीने आपली कळशी सिस्टरच्या पायाशी ठेवली. "पोरी, तुझ्या हातातही काहीतरी आहे बघ."

सिस्टरने तिथेच कपाळाला हात लावला.

बुवांनी संध्याकाळच्या आत खोली सोडली. मी इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण आठवड्याभरात सूचना लागली: धरण तळाला गेल्यामुळे पाणी सातव्या दिवशी, वीस मिनिटं. पाइप आता भरलेला राहायचा, पण मागून येणारंच आटलं. सिस्टरच्या आईच्या जखमा हाडापर्यंत गेल्या. दवाखान्यात नेलं, तिथले नळही दुपारपर्यंत बंदच. अकराव्या दिवशी ती गेली.

मावशीने विचारलं, "मी दीड महिना नळ सोडला. त्यात आपलं किती गेलं ग?"

"रोज थोडं थोडं."

"ते असतं तर वाचली असती?"

"मला माहीत नाही, मावशी."

दुसरी कुणी असती तर नाही म्हणाली असती. सिस्टरला खोटं बोलता येत नाही.

आता गल्लीत म्हणतात, बुवा होते तेव्हा तांब्या तरी मिळायचा. बुवा दोन गल्ल्या सोडून आहेत. तिथेही उतार आहे, तिथेही तळाचं घर भाड्याने मिळालं. आमच्यातले दहा-बारा जण रोज सकाळी भांडी घेऊन तिकडे जातात. सगळं समजलेले लोक आहेत हे, सलाइनची बाटली डोळ्यांनी पाहिलेले. मावशी गल्लीच्या तोंडाशी उभी राहते आणि प्रत्येकाला एवढंच म्हणते, "तिथे वरच्या घरात कोण आजारी आहे, तेवढं विचारून या."

कुणी विचारून येत नाही.

माझ्या शंभर थापा विसरा, पण एवढं ऐका. कोरड्या नळाला धार दिसली की हात जोडू नका. नळाच्या मागे पाइप असतो, तो हाताने चाचपत चढ चढून जा, आणि ते पाणी कुणाच्या घरातून आलं ते बघा.