डाव्या चाकाची आतली कड

नारायणरावांना चाकांतलं कळत होतं, आणि सगळा घात तिथेच झाला. ज्याला कळत नाही तो निदान दुसऱ्याला विचारतो तरी.

झाशीच्या रेल्वेत त्यांनी उभा जन्म मालगाड्यांची चाकं तपासण्यात काढला होता. डब्याखाली वाकायचं, हातोडीचा ठोका देऊन आवाज ऐकायचा, चाकाच्या कडेवरून बोट फिरवायचं, आणि बोटाला शंका आली की डब्यावर खडूने ‘सिक’ लिहून मोकळं व्हायचं. सिक म्हणजे आजारी. तो डबा गाडीतून तोडून बाजूला ठेवावाच लागे. मग वरून साहेबांचे फोन येवोत की ड्रायव्हर शिव्या घालो, नारायणराव हलायचे नाहीत. "गाडी थांबवली तर मला शिव्या बसतील, एवढंच ना? बसू देत," असं म्हणत ते बिडी पेटवायचे. या गोष्टी घरात इतक्यांदा सांगून झाल्या होत्या की नात मयुरा त्यांची नक्कलसुद्धा करून दाखवायची.

तर घरात गाडी आली ती सुनेसाठी. निवेदिता झाशीबाहेर बबीन्याच्या एका शाळेत शिकवायची. सकाळची बस चुकली की दुसरी वेळेवर मिळायची नाही, आणि नवरा सुमेध बँकेतून अंधार पडेपर्यंत सुटायचा नाही. मराठी मंडळाचा चिटणीस विद्याधर आपली गाडी विकतोय असं कळलं. राखाडी रंग, आतून स्वच्छ, सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नाही. निवेदिता म्हणाली, "बाबा, एकदा इलाइट चौराह्यावर जयसिंगजींना दाखवून घेऊ या का?"

हे ती मंडळाच्या हॉलमध्ये, चार माणसांसमोर म्हणाली. नारायणरावांना ते झोंबलं. इथे झाशीत मराठी घरं ती किती, सगळी मिळून गणपतीच्या आरतीला एका हॉलात मावतात. एकाच्या घरी कढी फुटली तर दुसऱ्याला कळतं. "आपल्या माणसाची गाडी मिस्त्रीला दाखवायची?" ते मोठ्याने हसले. "मग उद्या मुलगी बघायला जाताना डॉक्टर बरोबर नेऊ का? मी सांगतो ना, गाडी उत्तम आहे." सगळे हसले. विद्याधर जरा उशिरा हसला, पण ते नारायणरावांच्या लक्षात आलं नाही.

महिन्याच्या आतच निवेदिता म्हणू लागली की गाडी डावीकडे ओढते. स्टिअरिंग जरा सैल सोडलं की चालली कडेला. "हवा कमी असेल," नारायणराव म्हणाले. हवा भरून झाली तरी ओढ तशीच. तेव्हा एक दिवस ती बसने गेली आणि त्यांनी स्वतः गाडी हळूहळू चालवत जयसिंगकडे नेली. चाकं सरळ करून घ्यायची, म्हणजे नुसतं अलाइनमेंटच करायचं होतं, त्यात कुणाच्या अब्रूचा प्रश्न नव्हता.

जयसिंगने चारी चाकांना मशीनचे पत्रे अडकवले आणि तिच्या पडद्यावरचे आकडे बघत बसला. मग खाली वाकून किल्ली फिरवली, पुन्हा पडदा पाहिला. डाव्या पुढच्या चाकाचा आकडा लाल होता तो लालच राहिला.

"काए बाबूजी, कहाँ से ले आए ये गाड़ी?" त्याने विचारलं. "ये तो ठुकी हुई है। आगे का ढाँचा ही टेढ़ा है, मशीन क्या कर लेगी? बाहर से टायर नया दिखेगा, अंदर से खाती जाएगी। किसी दिन चलते में फटेगा।"

नारायणरावांनी टायरच्या मागे हात घातला. बाहेरून नक्षी नव्यासारखी होती, आतली कड मात्र गुळगुळीत, हाडासारखी. हे बोट खोटं बोलत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? रेल्वेत असते तर त्याच क्षणी खिशातून खडू काढला असता.

घरी येऊन ते म्हणाले, "झालं अलाइनमेंट. आता काही काळजी नाही."

त्यांना तसं म्हणायचं नव्हतं हो. आधी विद्याधरशी बोलू, गाडी परत करू, मग घरात सांगू, असं त्यांनी वाटेत ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते त्याच्याकडे गेलेही. विद्याधरने चहा मागवला, पंखा वाढवला.

"किरकोळ लागली होती, काका. ललितपूरच्या रस्त्यावर. एवढं काय त्यात?" तो म्हणाला. "बरं, मी आज येणारच होतो तुमच्याकडे. यंदाच्या उत्सवाचे अध्यक्ष म्हणून सगळ्यांनी तुमचंच नाव घेतलंय. आता या गोष्टीची चर्चा झाली तर तुम्हालाच वाईट. गाडीची खात्री तुम्हीच तर दिली होती सगळ्यांसमोर."

नारायणरावांनी चहा संपवला. अध्यक्षपदासाठी ते गेली कितीतरी वर्षं मनातल्या मनात झुरत होते, आणि ते मिळालं ते असं. परतताना लक्ष्मी गेटापाशी थांबून त्यांनी पेढे घेतले. निवेदिताने पेढा तोंडात घालून त्यांना वाकून नमस्कार केला.

मग सुरू झाला तो खेळ. सुमेध बायको-मुलीला घेऊन रविवारी रेल्वेने ग्वाल्हेरला सासरी गेला, तेव्हा नारायणरावांनी भर दुपारी जॅक लावला. पुढचं डावं चाक काढून मागे लावलं, मागचं पुढे आणलं. नवं टायर आणलं असतं तर सुमेधने विचारलं असतं, जुन्याला काय झालं. घामाने निथळत ते पायरीवर बसले आणि मनाशी म्हणाले, उत्सवापर्यंत ढकलायचं, मग सांगून टाकायचं.

पण गाडीचा तो कोपरा उपाशी माणसासारखा रबर खात होता. दुसरं चाक खाल्लं, तिसरं खाल्लं. दर खेपेला सगळे बाहेर गेले की नारायणराव जॅक काढत. शेवटी स्टेपनीसुद्धा तिथे चढली. ओढ मात्र जात नव्हती. निवेदिता म्हणाली की अजून ओढते, तेव्हा ते तिच्यावरच खेकसले, "घट्ट धर स्टिअरिंग! तुम्हा लोकांना सवय नाही." रोज संध्याकाळी ती काचबिंदूचं औषध त्यांच्या डोळ्यांत घालायची, त्या दिवशीही घातलं. एका हाताने त्यांची हनुवटी वर धरून, दुसऱ्या हाताने एकेक थेंब, आणि "मिटा आता, बाबा," असं हळूच. तिच्या हातांना स्टिअरिंगचा घट्टा पडू लागला होता. तो त्यांच्या हनुवटीला लागला.

जुलै उलटला. बबीन्याचा रस्ता ओला, वर लष्कराच्या ट्रकांची रांग, बाजूने माल भरलेले डंपर. ती निघाली की नारायणराव फोन मांडीवर घेऊन बसायचे. तो वाजला की दचकायचे आणि वाजला नाही तर जास्त घाबरायचे. एकदा दूरवर कुठेतरी टायर फुटल्यासारखा आवाज झाला आणि ते धोतर सावरत अनवाणी रस्त्यावर धावले. कुठल्या तरी मिरवणुकीचे फटाके होते. त्या दिवसापासून त्यांनी निवेदिताला बजावलं, "शाळेत पोचलीस की मला कळवत जा." ती रोज कळवू लागली. ‘पोचले, बाबा.’ तो शब्द वाचला की ते देवघरापाशी जाऊन हात जोडत, आणि परतीच्या वेळेपर्यंत माणसात येत.

आणि ती बिचारी शाळेत सगळ्यांना सांगायची की माझे सासरे माझी इतकी काळजी करतात, वडीलसुद्धा करणार नाहीत. नारायणरावही चार लोकांत म्हणत, "सून कसली, लेक आहे माझी." खोटं बोलत होते असं नाही. तिच्यावर त्यांचा जीव होता. फक्त त्या जिवापुढे एक खुर्ची येऊन बसली होती, फुलांची माळ घातलेली.

गणपती अगदी तोंडावर आले. स्थापनेच्या दोन दिवस आधी संध्याकाळी ते चाकाशी वाकले आणि आत बोट घातलं तर काहीतरी टोचलं. तार. रबर संपून आतली तार वर आली होती. आता बदलायला एकही चाक उरलं नव्हतं. रात्रभर ते कूस बदलत राहिले. उद्याचा दिवस जाऊ दे, परवा स्थापना, तेरवा सांगतो. देवा, फक्त उद्याचा दिवस.

सकाळी पाऊस लागला होता. निवेदिताने डबा मागच्या सीटवर ठेवला, ओढणी खोचली, गाडी सुरू केली. नारायणराव नेहमीप्रमाणे दारात उभे होते. हात वर करून त्यांनी तिला निरोपही दिला. तेवढ्यात आतून मयुरा धावत आली, हातात रंगांची पेटी.

"मम्मी, रुको ना! मी पण येते!"

"अगं हो, चल चल. बाबा, आज हिच्या शाळेला छुट्टी आहे. माझ्या शाळेत चित्रांची स्पर्धा आहे ना, घेऊन जाते हिला."

मयुरा पुढच्या डाव्या सीटवर चढली. बरोबर त्या चाकाच्या वर. दार बंद झालं.

नारायणराव कसे धावले ते त्यांनाही कळलं नाही. पायरी चुकली, चष्मा पडला, आणि ते हात पसरून गाडीसमोर उभे राहिले. बॉनेट त्यांच्या गुडघ्याला लागून थांबलं.

"उतर! मयुरा, उतर खाली! नाही जायचं या गाडीतून!"

"बाबा, काय झालं? बरं नाही का वाटत?" निवेदिता घाबरून उतरली आणि त्यांना धरायला आली. त्यांनी तिचा हात झिडकारला आणि मग पावसात उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. जयसिंग काय म्हणाला, विद्याधर काय म्हणाला, चाकं कुणी फिरवली. बोलताना त्यांना रडू कोसळलं. आपण शेवटी बोललो, पोर वाचली, याचं त्यांना केवढं हलकं वाटत होतं.

निवेदिता वाकली. चाकाच्या मागे हात घातला आणि झटकन बाहेर काढला. बोटावर रक्त होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. गाडीचं वायपर इकडून तिकडे फिरत होतं, ते बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं, बाबा?"

"जयसिंगकडे नेली तेव्हापासून."

"म्हणजे मी रोज जात होते तेव्हा."

"मी रोज देवापाशी हात जोडत होतो गं. तू पोचलीस म्हणून कळवायचीस, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव..."

"आणि आत्ता तुम्ही मला टाटा केलात," निवेदिता म्हणाली. आवाज चढवला नाही, उलट खालीच आला. "आज मयुरा बसली नसती, तर मी गेले असते ना?"

मालगाडी अडवून साहेबाला तोंडावर उत्तर देणारा हा माणूस खाली वाकून चिखलात चष्मा चाचपू लागला. ती थोडा वेळ थांबली. खरंच थांबली, त्यांनी नाही म्हणावं म्हणून. मग तिने गाडी बंद केली, डबा काढून घेतला आणि मयुराला घेऊन कोपऱ्यावर रिक्षा बघायला गेली.

त्या दिवशी ‘पोचले’ आलं नाही.

संध्याकाळी ती परत आली, स्वयंपाक केला, त्यांचं ताट वाढलं. औषधाची वेळ झाली तसे ते खुर्चीत मान मागे टाकून बसले. निवेदिताने बाटली फडताळातून काढली, झाकण उघडलं आणि मयुराच्या हातात दिली.

"आजोबांच्या डोळ्यांत हे आजपासून तू घालायचं," ती म्हणाली, आणि भांडी आवरायला आत गेली.