नऊ मांजरांचा पत्रा

“हा पत्रा परत कुणी घातला भट्टीत? पाव बघा, सगळे एका अंगाला कललेत, उतारावरून निघाल्यासारखे,” बेकरीवाले दादा माझ्यावर वाकून कुरकुरत होते. त्यांच्या मिशीतलं पीठ माझ्या अंगावर पडत होतं. “काढून टाका एकदाचा. किती वेळा सांगायचं माणसानं?”

ते ज्याच्या नावानं बोटं मोडत होते, तो मी. मित्रांनो, मी बेकरीतला एक जुना पत्रा आहे. तुम्ही मला ट्रे म्हणाल. पण बेकरीत आम्हाला पत्राच म्हणतात आणि मला तेच नाव आवडतं.

एका कारागिरानं मला कापलं, चारी कडा ठोकून वळवल्या आणि या बेकरीत पाठवून दिलं. इथं माझं खरं बारसं केलं ते दादांच्या थोरल्या बहिणीनं. दादांची लेक तिला आत्या म्हणायची, म्हणून कामगारांपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळ्यांची ती आत्याच. तिनं मला तेल चोळून तीनदा रिकामंच भट्टीत तापवलं आणि सगळ्यांना बजावलं, “याला साबण दाखवायचा नाही. एकदा साबण लागला की पाव धरून बसतो, सुटता सुटत नाही. फडक्यानं पुसायचं, बास.” तो बेकरीचा कायदाच होता. वीस वर्षं मी रोज चोवीस पाव भाजले आणि वीस वर्षांत साबणाचा फेस कसा असतो ते मला कळलं नाही. “तुमचे पाव तळाला कसे तांबूस असतात,” असं गिऱ्हाईक म्हणालं की आत्या माझ्याकडे बघून हसायची.

मग एके दिवशी मी हातगाडीवरून घसरलो, चाक अंगावरून गेलं आणि माझा एक कोपरा कायमचा दबला. त्या दिवसापासून ते उतारावरचे पाव.

दादा मला भंगारात टाकणार होते. आत्यानं मला ओढून घेतलं. “राहू दे. माझ्या मांजरांना होईल.”

मांजरं मागच्या अंगणातली. उंदरांच्या मागावर आलेली, कुणाची नसलेली, हात पुढे केला की फिस्कारणारी. आत्यानं एकेकीला पिंजऱ्यात धरून दवाखान्यात नेलं होतं, पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून आणलं होतं. तिच्या हातावर ओरखडे असे होते, की दादांची बायको, म्हणजे वहिनी, म्हणायची, “वन्सं, लोकांना वाटेल आम्हीच बोचकारतो तुम्हाला.” अंगणात सात मांजरं होती. करपलेल्या पावासारखा जळका, मिशा पिळून बसणारा हवालदार, सगळ्यांच्या आधी धावणारी घाईबाई आणि आणखी चार. आठवी मैदा. ती रस्त्यावरची नव्हती. पिठाच्या पोत्यांवर झोपायची, पांढरीशुभ्र, आणि आत्याच्या पदराखेरीज कुठं तोंड पुसायची नाही.

सुरुवातीला आत्या वेगवेगळ्या ताटल्या मांडायची. पण ताटल्या दिसल्या की मारामाऱ्या. मग तिनं मला अंगणात आणून ठेवलं.

“एका पत्र्यात जेवतील तर एका घरातली होतील,” ती म्हणाली.

“आपल्या घरात जमलं का ते?” वहिनीनं विचारलं.

“तू तुझा डबा आधीच वेगळा काढून ठेवतेस. जमणार कसं?”

जमलं मात्र मांजरांत. आणि नंतर कुठून तरी पाहुणा आला. भुरकट रंगाचा हाडकुळा बोका, एका डोळ्यातून सतत पाणी. बाकीच्यांनी त्याला भिंतीवरून खाली उतरू दिलं नाही. आत्या हट्टाला पेटली. पाव काढायचं लांब दांड्याचं फावडं आडवं धरून ती रोज माझ्याशेजारी बसायची. कुणी पाहुण्यावर गुरगुरलं की फावडं मध्ये. तीन आठवड्यांत तोही माझ्या कडेला आला. मैदा घरात दोन घास खाऊन तोंड फिरवायची, म्हणून आत्या तिलाही काखेत मारून बाहेर आणू लागली. “शिष्ट झालीय. चारचौघांत जेवायला शिकू दे.”

नऊ डोकी एकमेकांना चिकटून जेवताहेत, जेवण झालं की एकमेकांची तोंडं चाटताहेत, हे बघायला लोक यायचे. शेजारच्या शाळेच्या बाई वर्गच्या वर्ग घेऊन आल्या. “बघा मुलांनो, मांजरं कशी मिळूनमिसळून राहतात.” मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मी फुगलो. मांजरं मला चाटूनपुसून लख्ख करायची. वरून आत्या सवयीनं फडकं फिरवायची. साबण नाही. कायदा होता ना.

चार महिन्यांनी मैदाचं खाणं सुटलं.

दवाखान्यातली जनावरांची डॉक्टरीणबाई बेकरीत आली. तिनं मैदाचा ओठ उचलून बघितला. आतली हिरडी गुलाबी हवी, ती पोत्यातल्या पिठासारखी होती. तिनं सगळ्या मांजरांना पकडायला सांगितलं. सगळी सकाळ त्यात गेली. तपासणीच्या पट्ट्या मांडायला सपाट जागा हवी होती, म्हणून आत्यानंच मला धुतलेल्या फडक्यानं पुसून पालथं घातलं. माझ्या पाठीवर नऊ पट्ट्या ओळीनं मांडल्या. प्रत्येकीखाली पेन्सिलीनं नाव, प्रत्येकीवर रक्ताचा एक थेंब.

“एक रेघ आली तर बरं. दोन आल्या तर आजार आहे,” बाई म्हणाली.

दहा मिनिटं थांबायचं होतं. तेवढीही लागली नाहीत. मैदाच्या पट्टीवर दुसरी रेघ आली. मग पाहुण्याच्या. मग जळक्याच्या. आत्या बोटानं मोजत होती आणि बोट पुढं सरकेना. हवालदार. घाईबाई. नवांतली पाच.

“पट्ट्या खराब असतील,” दादा म्हणाले.

“दोन महिन्यांनी परत तपासू. एखादी यातून सुटतेही,” बाई म्हणाली. “पण मैदाचं मला वाटत नाही. याला ल्युकेमिया म्हणतात, मांजरांचा. माणसांना होत नाही. मुळापासून घालवणारं औषध नाही. ऊब, चांगलं खाणं, वेळच्या वेळी तपासणी, यावर काही मांजरं वर्षं काढतात.”

“कशानं होतो?” आत्यानं विचारलं.

“लाळेतून.”

बाईची नजर पट्ट्यांवरून घसरून माझ्यावर आली. मग ती खिडकीबाहेर बघायला लागली. “आजारी पाच आत ठेवा. बाकीच्या चौघांना पुन्हा तपासून लस देऊ. आणि आजपासून प्रत्येकाला वेगळं भांडं. साबणानं धुतलेलं.”

मी लोखंड आहे. हजारो वेळा भट्टीत लालबुंद तापलोय, कधी हूं का चूं केलं नाही. त्या दुपारी उन्हात पडून मी गार पडलो. वीस वर्षं लोकांच्या तोंडात घास घालणारा मी. मी काय वाढत होतो?

आत्याला मात्र उत्तर सापडलं होतं. “लाळेतून म्हणजे चावल्यामुळे. पाहुणा चावला असणार. तो येण्याआधी कुणाला काही नव्हतं. शनिवारी त्याला कायमचं झोपवणारी सुई देऊन टाका, डॉक्टर. मला तो डोळ्यांसमोर नको.”

दादा म्हणाले, हल्ली हवाच वाईट आहे. वहिनी, जी टोमणा मारायची एकही संधी सोडत नसे, ती गपचूप बाजारात गेली आणि नऊ वाट्या घेऊन आली. “वन्सं, तुम्ही बसा, मी घालते खायला,” म्हणाली. पोत्यांची खोली रिकामी करून आजारी मांजरं तिथं ठेवली. पाहुणा एकटा पिंजऱ्यात. मला भिंतीला टेकवून ठेवलं होतं. जो तो येता-जाता माझ्याकडे बघायचा आणि लगेच मान वळवायचा.

मित्रांनो, शेवटचं सांगण्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे. जिवांना जवळ करा, जरूर करा. पण नवं जनावर आलं की आधी त्याची तपासणी करा, तोवर ते वेगळं ठेवा, ज्याचं त्याला भांडं द्या. आपला एखादा नियम कितीही जुना असला, तरी तो पावाचा आहे की मांजराचा, हे एकदा कुणाला तरी विचारा. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. तुम्हाला तोंड आहे.

शनिवारी डॉक्टरीणबाई बॅग घेऊन आली. आत्यानं पाहुण्याचा पिंजरा गोणपाटानं झाकून अंगणात आणून ठेवला होता. बाईनं बॅग उघडली नाही.

“आत्या, सुई देण्याइतका हा आजारी नाही,” ती म्हणाली. “आणि मी मैदाला शेपटापर्यंत तपासलंय. चावल्याची एकही खूण नाही. बाकीच्यांनाही नाही.”

“जुनी खूण असेल, बुजली असेल,” दादा घाईनं म्हणाले.

“हो ना,” वहिनी म्हणाली. “एवढ्या दाट केसांत कुठली दिसतेय. तुम्ही चहा घ्या, वन्सं.”

आत्यानं दोघांकडे बघितलं. “तुम्ही दोघं माझ्याशी एवढं गोड कधीपासून बोलायला लागलात?”

दादा मिशीतलं पीठ झटकू लागले. डॉक्टरीणबाई बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली.

आठवड्यात पहिल्यांदाच आत्यानं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ती पिंजऱ्यापाशी खाली बसली आणि तिनं गोणपाट बाजूला केला. आत पाहुणा एका डोळ्यातून पाणी गाळत पंजा चाटत होता.

“यानं कुणाला चावलं नाही,” आत्या म्हणाली. “यालाही मीच धरून बसवलं. आणि मैदा तर पोत्यावर सुखानं झोपलेली असायची. रोज उचलून मी तिला त्या पत्र्याशी नेलं. तिला हा आजार मी दिला.”