रुस्बेलचा पट्टा

माझा मुलगा रुस्बेल नदीत गेला, पण मेला नाही. आम्हा अमेझॉनकाठच्या कुकामा लोकांत नदीने ज्याचं प्रेत परत दिलं नाही, त्याला मेलेला म्हणत नाहीत. तो खाली राहतो. खाली घरं आहेत, झोपायला अजगराची झोळी आहे, बसायला कासव, डोक्यावर पाकट माशाची टोपी. पुरात त्याची होडी उलटली. होडी सापडली, वल्हं सापडलं, तो सापडला नाही. मग रडायचं कशाला? मी रडले नाही. खरं सांगायचं तर मला काही वाटलंच नाही, आणि अजूनही वाटत नाही. चुलीवर हात भाजला तरी वास आल्यावर कळतं. शेजारची एमेरिता म्हणते, लेओनिल्दाचं काळीज दगडाचं आहे. असेल. तिचं मऊ काळीज तिला लखलाभ.

रोज सकाळी काठावर भांडी घासायला जायचे, तेव्हा उकडलेल्या केळ्याचा पहिला तुकडा मी पाण्यात टाकायचे आणि त्याला गावातलं काय काय सांगायचे. कुणाची डुक्करीण व्याली, कुणाचं इंजिन बंद पडलं. पौर्णिमेच्या संध्याकाळी आमच्या वैदूकडे, रोसेन्दोमामाकडे जायचं. मामा तंबाखू ओढायचे, मान खाली घालायचे, आणि त्यांच्या तोंडून रुस्बेल बोलायचा. "आई, माझं जाळं उंदरांनी कुरतडलंय बघ." घरी येऊन बघावं तर खरंच कुरतडलेलं असायचं. आता आमच्याकडे उंदरांना काही तोटा नाही, पण आवाज त्याचा होता. नाकात बोलायची त्याची सवय मामांना कुठून ठाऊक असणार?

तर माझं बरं चाललं होतं. अडचण होती ती माझ्या सुनेची, नेल्सीची. नवरा खाली जिवंत, म्हणजे विधवा नाही. नवरा घरात नाही, म्हणजे धड बायकोही नाही. मूल झालेलं नव्हतं. वय म्हणाल तर कोवळंच. आणि अशा बाईला हात लावायला पुरुष धजत नाहीत, कारण खालचा नवरा डूख धरतो आणि त्या माणसाची होडी बुडवतो. वरच्या गावचा विल्देर आमच्याकडे केळ्यांचे घड घेऊन यायचा. आमच्या घरामागे केळीचं रान माजलेलं, आणि हा बाबा आम्हाला केळी आणून देतो. मी काय आंधळी आहे?

एकदा मी त्याला विचारलंच. तो म्हणाला, "काकू, माझी ना नाही. पण मला रोज नदीवरून जावं लागतं."

"मग डोंगरावर जा राहायला."

"इथे डोंगर कुठाय?"

"तेच म्हणते मी. मग केळी कशाला आणतोस?"

आत नेल्सी कसावा किसत होती. तिचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला. तो मान खाली घालून गेला, पण घड ठेवून गेला.

त्यानंतर मीठ-साबण विकणारा होडीवाला आला आणि बातमी सांगून गेला. प्रवाहाच्या दिशेने बरंच खाली एका गावात पूर ओसरल्यावर ओंडक्यांत अडकलेला एक पुरुष सापडला होता. तोंड ओळखू येण्यासारखं राहिलं नव्हतं. गावकऱ्यांनी त्याला पुरलं, पण कुणी शोधत आलं तर असावा म्हणून कमरेचा पट्टा ठेवला होता.

एमेरिता म्हणाली, "जाऊ नकोस गं. बघितलंस आणि त्याचा निघाला, तर संपलं. मग मामासुद्धा त्याला बोलावू शकणार नाहीत. मातीतल्याला तंबाखूचा वास लागत नाही."

हे मला ती सांगणार. मला जायचं नव्हतंच. नेल्सीला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, आई." माझं डोकं फिरलं. म्हटलं, "एवढी गरीब गाय होऊ नकोस, कुणीही दावं धरून नेईल." सकाळी उठून बघते तर तिने होडीच्या इंजिनात तेल भरून ठेवलेलं. मग गेलो.

त्या गावात हेसूसा नावाच्या बाईने आमचं केलं. चांगली बाई. आधी मासळीचा रस्सा वाढला, खाऊन होईपर्यंत पट्ट्याचं नावही काढलं नाही. मग प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पट्टा आणून माझ्या मांडीवर ठेवला.

चामड्याचा होता. बकलावर बैलाचं तोंड.

रुस्बेलने जन्मात चामड्याचा पट्टा घातला नाही. पोटाला काचतो म्हणायचा. "पट्टे बांधायला मी काय फौजदार आहे?" तो ताडाच्या धाग्याची दोरी बांधायचा, आणि ती दोरी नेल्सी स्वतःच्या मांडीवर वळायची. तेव्हा तो पट्टा त्याचा नाही, हे आम्हा दोघींनाही बघताक्षणी कळलं.

नेल्सीने पट्ट्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. तिचा चेहरा उतरला. नवरा मेलेला नाही म्हणून बाईचा चेहरा उतरतो, हे मी पहिल्यांदाच बघत होते. मला तिचा राग यायला हवा होता. मी राग यायची वाट बघितली. आला नाही.

"त्याचाच आहे," मी म्हणाले.

हेसूसाने मला जवळ घेतलं. मग ती आम्हाला थडग्याकडे घेऊन गेली. बिननावाचा क्रूस होता. तिच्या नवऱ्याने होडीच्या रंगाचा डबा आणला आणि नाव विचारलं. मी सांगितलं, रुस्बेल मुरायारी. त्याने सावकाश, नीट लिहिलं. निळा रंग.

परतताना नेल्सी इंजिनापाशी बसली होती. बरंच अंतर आल्यावर म्हणाली, "आई, ते पट्टा घालत नव्हते."

"ठाऊक आहे मला. तू समोर बघ, ओंडके आहेत."

तिने समोर बघितलं. इंजिनाच्या आवाजात ती रडत होती की नाही, मला ऐकू आलं नाही.

गावी रीतसर जागरण झालं. टेबलावर पट्टा, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या. कॉफी झाली, पत्ते झाले. एमेरिता सगळ्यांच्या वाटचं रडली. रोसेन्दोमामा कोपऱ्यात बसून होते, पट्ट्याकडे बघत. सकाळी आम्ही पट्टा पुरला.

नदी उतरल्यावर नेल्सी विल्देरच्या घरी गेली. जाताना तिने घरातल्या साऱ्या धाग्याच्या दोऱ्या वळून, गुंडाळून माझ्यापाशी ठेवल्या. म्हणाली, "असू द्या, लागतील." बातमी आहे की ती आता हसते. हसू दे. घरात मी एकटीच असते.

कधी कधी त्या पट्टेवाल्याचा विचार येतो. त्यालाही आई असेल कुठल्या तरी काठावर. ती त्याला केळी टाकत असेल, गावातलं सांगत असेल. तो माझ्या पोराच्या नावाखाली मातीत पडलाय, हे तिला कोण सांगणार?

पौर्णिमा आली तसे माझे पाय आपोआप मामांच्या घराकडे वळले. ते झोळीत बसले होते. मी समोर बसले. त्यांनी पायाने झोळी थांबवली. मग म्हणाले, "काय गं, कशाला आलीस?"

खोटं बोलले म्हणून सांगावं, तर नेल्सीचं घर मोडतं. विल्देर उद्या तिला आणून सोडेल.

"तंबाखू मागायला आले," मी म्हणाले.

मी तंबाखू ओढत नाही, हे गावातली कुत्रीसुद्धा जाणतात. मामांनी माझ्याकडे बघितलं. मग उठून एक जुडी काढली, पानात बांधली आणि माझ्या हातात दिली. "जपून ठेव," म्हणाले. "सर्द होऊ देऊ नकोस."

ती जुडी छपरात खोचलेली आहे. सकाळी मी काठावर जाते, भांडी घासते. बाया असतात, एमेरिता असते. केळ्याचा पहिला तुकडा मी सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडात घालते, आणि तो पाण्यातून बघत असेल म्हणून चावताना मान फिरवून घेते.