हिरव्या बाटलीतली गंगा

“शालू, ह्या बुचाला लोखंड लावायचं न्हाई हं. आणि पहिला थेंब माझ्या अंबूच्या तोंडात. तुझ्या हातानं.”

माई जाऊन तीन वर्षं झाली होती. तरी देवघरातली ती लांब मानेची हिरवी बाटली पुसताना सासूबाईंचे हे बोल शालूबाईंना रोज ऐकू यायचे. माईंनी काशीहून आणलेली गंगा होती ती. ‘व्हय’ म्हणून शालूबाईंनी तेव्हा त्यांच्या हातावर हात ठेवला होता.

आज श्रावणी सोमवार. शालूबाईंना निर्जळी उपास. पूजा आटोपते न आटोपते तोच कोडोलीहून कृष्णात आला. माईंच्या धाकट्या बहिणीचा, अंबूबाईंचा, थोरला लेक. पायरीवरच टेकला.

“वैनी, आईनं कालपास्नं अन्न सोडलंय. एकच म्हणती, अक्काची गंगा आणा. दोनच्या गाडीनं चला.”

शालूबाईंनी बाटली खाली घेतली. तिथं गेल्यावर बूच निघालं नाही तर? त्या जिवाला ताटकळत ठेवायचं? इथंच सैल करून न्यावं, असं त्यांनी ठरवलं. पण बूच मानेत गच्च, काठाच्याही खाली बसलेलं. नखानं उकरलं, नख तुटलं. मानेला ऊन पाण्याचं फडकं गुंडाळून पाहिलं. बूच ढिम्म.

“इळी द्या हिकडं,” कृष्णात म्हणाला.

“लोखंड नाही चालायचं, भावजी.”

“मग दातानं वडू?”

“उष्टं होईल की हो!”

“मग लाटण्यानं आत ढकला आन् मोकळं व्हा.”

शालूबाई लाटणं घेऊन तशाच थांबल्या. आत ढकलू नको असं माई म्हणाल्या नव्हत्या. ढकल असंही म्हणाल्या नव्हत्या. काशीत गंगा भरून विकणाऱ्याचा हात लागलेलं बूच गंगेत पडू द्यायचं? आणि तो हात पाण्याला लागलाच नसेल कशावरून? त्यांना काही सुधरेना.

तेवढ्यात अर्धी शाळा सुटून गणपतराव घरी आले. बायकोच्या मांडीवरची बाटली बघून दारातच थबकले.

“ही घेऊन गाडीत बसणार तुम्ही? दारूबंदीचे दिवस आहेत. फौजदारानं धरलं तर काय, तीर्थ देणार त्याला?”

“चेष्टा नको. मावशींचं खरं दिसत नाही. आणि बूच निघंना.”

गणपतराव पुढं आले. पायातली एक वहाण काढून त्यांनी भिंतीला आडवी लावली, बाटली उचलली, आणि शालूबाई ‘अहो’ म्हणेपर्यंत बाटलीचं बूड त्या कातड्यावर दणादण आपटलं. चौथ्या दणक्याला बूच पेरभर वर आलं.

“बघ. लोखंड लावलं का? न्हाई.”

“पायातलं कातडं, गंगेला?”

“गंगेला कुठं? बाटलीला.”

कृष्णात खुसकन हसला आणि लगेच ओशाळला. “वैनी, दीड वाजला.”

शालूबाईंनी बाटलीचं बूड धुतलं. पुन्हा धुतलं. तिसऱ्यांदा पाणी घेतलं आणि हात तसाच राहिला. बाटलं म्हणावं, तर मावशींना काय सांगायचं? नाही बाटलं म्हणावं, तर माईंना काय सांगायचं?

मग एकाएकी माईंचं हसणं आठवलं. काशीहून आल्यावर सगळ्या आळीला सांगत होत्या, “दोन राती गाडीत माझी गंगा बाकाखाली, लोकांच्या पायताणांत झोपली बघा!” आणि त्याच तोंडानं लोखंड नको म्हणाल्या! पायताणं चालली, लोखंड का नाही? विचारायचं राहूनच गेलं. बाटली आधी कशाची होती, तेही माईंनी कुणाला विचारलेलं नव्हतं.

काही उलगडलं नाही. पण हातावर हात ठेवला होता, तेवढं मात्र खरं होतं.

शालूबाईंनी बूच अंगठ्यानं जरा दाबलं, तुळशीची चार पानं पदराच्या टोकाला बांधली आणि बाटली पदराखाली छातीशी धरली. उंबऱ्यापाशी आल्यावर पायात चपला घालाव्यात की नाही, तेही त्यांना कळेना. क्षणभर त्या चपलांकडे बघत राहिल्या. मग तशाच, अनवाणी, मंगळवार पेठेतल्या चिखलात उतरल्या. पिशवी सावरत कृष्णात मागोमाग निघाला.