वेळ संपली म्हणेपर्यंत

मास्तरकीची परवानगी मिळायला वायमंडची एकच परीक्षा उरली होती. परीक्षक एक धडधडीत खोटं वाक्य देणार, वायमंडने ते खरं धरायचं आणि परीक्षक 'वेळ संपली' म्हणेपर्यंत त्याच्याशी विसंगत शब्द तोंडातून काढायचा नाही. मध्ययुगीन ऑक्सफर्डात सत्याचा एवढा दरारा, की खोटंही काटेकोर बोलावं लागे. जीभ घसरली की कायमचा नापास.

थर्स्टन गुरुजी वाम माशाचं कालवण चापून आले होते. "धरून चाल, की तुला आई नाही आणि कधी नव्हती."

"धरलं," वायमंड म्हणाला.

गुरुजींनी मान डोलावली आणि डोलावता डोलावताच ते घोरू लागले. आता आली का पंचाईत! ज्याने वाक्य दिलं, त्यानेच वेळ संपवायची, आणि झोपलेल्या गुरुजींना हलवणं शिष्टाचाराबाहेरचं. मग शेजारच्या हेमो गुरुजींनी सूत्रं हाती घेतली.

"तुम्ही जन्मलात?"

"नाही."

"मग समोर कोण उभं आहे?"

"मीच. न जन्मलेला."

"बाहेर पाऊस पडतोय?"

पावसाचा आईशी काही संबंध नव्हता, म्हणून नियमाप्रमाणे इथे खरं सांगायचं होतं. "पडतोय."

तेवढ्यात दार उघडलं. चिंब भिजलेली एक म्हातारी चीजचा भलामोठा गोळा कवटाळून आत आली. ही गनिल्डा, वायमंडची आई. "अगं बाई, किती वाळलास रे!"

बघ्यांनी भरलेलं सभागृह आनंदाने दणाणलं. "ही इंग्रजीत बोलतेय," वायमंड घाईघाईने म्हणाला. "परीक्षा लॅटिनमध्ये आहे."

"भाषा बदलली की सत्य बदलतं?" हेमो गुरुजींनी विचारलं.

"नाही," वायमंड म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"मग तिला कळेल अशा भाषेत उत्तरं द्या. ही कोण?"

"एक बाई."

"भुकेली आहे?"

इथेही खरंच सांगायचं होतं. "हो. प्रवासात ती काही खात नाही. पोटात ढवळतं तिच्या."

"तुम्हाला कसं ठाऊक?" हेमो गुरुजींचे डोळे लकाकले.

"ऐकून आहे."

"कुणाकडून?"

"हिच्याचकडून."

लोकांनी बाकं बडवली. गनिल्डा पुढे आली. "डोकं फिरलंय का तुझं? मी आई ना तुझी?"

"विधान मान्य?" हेमो गुरुजींनी विचारलं.

वायमंडने तिच्याकडे पाहिलं. तिच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. त्याला रडू फुटायला आलं होतं, पण इतकी वर्षं उपाशीतापाशी काढली ती ह्याच दिवसासाठी.

"अमान्य," तो म्हणाला.

एवढ्या टाळ्या पडल्या, की थर्स्टन गुरुजी दचकून जागे झाले. "वेळ संपली!" ते ओरडले. "पास!"

वायमंड धावत जाऊन तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. "आई, अगं परीक्षा होती ती! संपली आता!"

"हो का? छान झालं," गनिल्डा म्हणाली. तिने सुरी मागवली, चीज कापलं आणि ती ते सगळ्यांना वाटायला लागली. कडेचा कडक तुकडा वायमंड लहानपणापासून हट्टाने मागून घ्यायचा. तो तिने हेमो गुरुजींच्या हातावर ठेवला.

वायमंडने हात पुढे केला. थट्टा करतेय का, म्हणून तो तिचं तोंड निरखत राहिला. तिथे हसू नव्हतं, रागही नव्हता.

"तू थांब हो बाळ," ती म्हणाली. "तुझी आई आणेल तुला."