चौथा खांदा

"आता कसं वाटतंय, भावजी?" चंद्राबाईनं विचारलं, तेव्हा बांबूला बांधलेल्या झोळीत पडलेल्या सावळारामनं तोंड फिरवलं. गोठ्याच्या माळ्यावरून पडून म्हाताऱ्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं. डोंगरावर गाडी चढत नव्हती; अँब्युलन्स खाली मार्गासनीच्या रस्त्यावर उभी होती, आणि भर दुपारी वाडीत बांबूला लावायला खांदे होते तीनच. चौथी चंद्राबाई. ती दारात हाताची घडी घालून उभी राहिली.

ह्याच घटकेची ती तीन वर्षं वाट बघत होती. तिचा नवरा धनाजी छातीत कळ येऊन पडला, तेव्हा ह्या सख्ख्या थोरल्या भावानं बांधाचं भांडण उकरून काढलं आणि ओट्यावर बसून राहिला. मग बाईनंच खांदा लावला. जन्मभर शेरडांमागं डोंगर तुडवलेले पाय, पण उतारावर वजन पेलेना. करवंदीच्या वळणावर गुडघे दुमडले, झोळी टेकली आणि धनाजी तिथंच गेला. दिराचा तर तिला राग होताच, पण आपल्या गुडघ्यांचा त्याहून जास्त.

म्हणून वेल्ह्यात पुण्याच्या कॉलेजची माणसं आली, मांडीतलं गव्हाच्या दाण्याएवढं मांस काढून तपासणार, बारा आठवडे व्यायाम करून घेणार आणि पुन्हा तपासणार म्हणाली, तेव्हा बाकीच्या बाया पळाल्या आणि ही पहिली जाऊन बसली. आरती डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, चालण्यानं दम वाढतो, वजनाला वेगळी ताकद लागते. व्यायामानं स्नायूतली प्रथिनं बदलतात, जुनी मोडतात, नवी घडतात, पाय भक्कम होतो. चंद्राबाईनं एवढंच विचारलं, पुरा माणूस पेलंल का? वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन ती उठाबशा काढायची आणि दर उठाबशीला मनात दिराचं नाव घ्यायची. त्याला उचलायचं नव्हतंच. उचलता येत असून उचलायचं नव्हतं. मेल्याला कळू दे!

आता कळत होतं. म्हातारा कण्हत होता. बांबूपाशी उभा असलेला त्याचा पोरगा गेणू काकीला दोनदा विनवून चुकला होता.

"भावजी, त्या दिशी तुमचा खांदा दुखत हुता का?"

म्हाताऱ्यानं तोंड तिच्याकडं वळवलं.

"न्हाई," सावळाराम म्हणाला. "म्या जाणून बसून ऱ्हायलो."

हे ऐकून काळीज थंड होईल असं तिला वाटलं होतं. कसलं काय! उलट डोक्यात नवीनच विचार आला. हा इथं मेला तर सुटला. त्यापेक्षा जगू दे, रोज आपल्या दारावरून काठी टेकत जाऊ दे. चंद्राबाईनं पदर खोचला आणि बांबूखाली खांदा घातला.

करवंदीच्या वळणावर गेणू म्हणाला, जरा टेकवू.

"हितं न्हाई," ती म्हणाली, आणि थेट रस्त्यापर्यंत थांबली नाही.

अँब्युलन्स निघून गेली. तिघे बाप्ये रस्त्याकडेला धापा टाकत बसले. चंद्राबाईनं वाकून गुडघे चाचपले. थरथर नाही, कळ नाही. आणखी एक माणूस सहज वाहून आणला असता. बारा आठवडे, फक्त बारा आठवडे लागले होते. ती मुठी वळून आपल्याच मांड्यांवर मारायला लागली, आणि गेणूनं हात धरेपर्यंत मारत राहिली.