पुढच्या दातांवरची रेघ

लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या मानवांचे दात तपासणं हे तिचं काम. म्हणून प्रयोगशाळेत सगळे तिला दातवाली म्हणत. लहानपणी मूल उपाशी राहिलं किंवा फार आजारी पडलं, की हिरडीच्या आत दाताचं कवच बनायचं काही दिवस अडतं आणि तिथे आडवी खाच राहते. ती पुन्हा भरून येत नाही. खाचेची उंची मोजून ते मूल तेव्हा केवढं होतं, हे दातवाली काढायची. सध्या तिच्या टेबलावर एक इवलासा जबडा होता. तीन खाचा होत्या, आणि चौथं वर्ष लागायच्या आत ते मूल गेलं होतं.

एका सकाळी तिची सात वर्षांची लेक मुंगी आरशासमोर दात घासत होती. पुढचे दोन्ही नवे दात आता पूर्ण वर आले होते. दोन्हींवर एकाच उंचीला रेघ होती.

"तोंड उघड बघू."

"बस येईल ना, आई."

"येऊ दे. उघड."

रेघ नखाला लागली. एकाच दातावर असती तर मार लागला असेल म्हणता आलं असतं. दोन्हींवर म्हणजे अख्ख्या शरीरावर काहीतरी बेतलं होतं.

संध्याकाळी तिने मुंगीच्या दातांचा ठसा घेतला. "मीपण जुनी झाले का?" मुंगीने विचारलं. दातवालीला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने ठसा सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तीनदा मोजला. वय निघालं सव्वादोन वर्षं, महिना-दोन महिने इकडेतिकडे.

मुंगी तेवढी असताना दातवाली पाच महिने उत्खननावर होती. नवरा बोटीवर नोकरीला, म्हणून मुंगी दातवालीच्या थोरल्या बहिणीकडे, ताईकडे होती. दर आठवड्याला फोनवर ताई म्हणायची, "मजेत आहे."

तिने प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना ठसा दाखवला. "ताप असेल, जुलाब असतील, उपासमार असेल. रेघ कारण सांगत नाही," सर म्हणाले. "विद्यार्थ्यांना तुम्हीच सांगता हे."

त्यातला उपासमार हा एकच शब्द तिच्या डोक्यात घर करून बसला. ताईने हिला खायला घातलं नसेल? कोंडून ठेवलं असेल? सख्ख्या बहिणीबद्दल असं मनात यावं याची तिला लाज वाटली, पण विचार काही थांबेनात. दुपारीच सुट्टी टाकून ती ताईकडे गेली.

ताई शिवणाच्या मशीनवर बसली होती.

"मी नसताना मुंगीला काय झालं होतं?"

मशीन थांबलं. "कोणी सांगितलं तुला?"

"दातांवर दिसतंय."

ताईने कापड बाजूला सारलं. "छातीत कफ भरला होता. नऊ दिवस हॉस्पिटलात होती. पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आईला बोलावून घ्या. फोन हातात घेतला आणि ठेवला."

"का?"

"घाबरले. तू म्हणशील, एक पोर सांभाळता आली नाही. सहाव्या दिवशी ताप उतरला. मग सांगायला तोंडच राहिलं नाही."

"ती गेली असती तर, ताई?"

दातवाली चहा न घेताच निघाली.

तीन आठवडे बहिणी बोलल्या नाहीत. मुंगीने मात्र "मावशीकडे कधी जायचं?" म्हणून पिच्छा पुरवला. शेवटी एका रविवारी दातवाली तिला सोडायला गेली आणि दारातच म्हणाली, "काहीही झालं, अगदी बारीकसंसुद्धा, तरी मला कळव."

ताईने मान डोलावली.

संध्याकाळपर्यंत तीन फोन आले. जेवली. झोपली. उठली. चौथ्यांदा ताईचा आवाज जरा दबका होता. "अगं, शिंकली."

दातवाली खुर्चीतून उठून उभी राहिली. "किती वेळा?"